हवालदार मॅडम येणारच, कुणाला आवडो न आवडो

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. "आपल्या बिल्डिंगमध्ये सारखे पोलीस येतात. लोकांना वाटतं इथे काहीतरी लफडं आहे. फ्लॅट विकायला काढला तर भाव पडतो. कमिटीने चौकीला कळवून हे बंद करावं." खाली लगेच अंगठे. त्या अंगठ्यांत ज्यांची स्वतःची आई गावी एकटी राहते असेही लोक आहेत. म्हणून तिथे न भांडता इथे लिहितेय.

पोलीस कशाला येतात ते आधी ऐका. आमच्या कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांमधून संध्याकाळी एक चक्कर मारा आणि गॅलरीत कोण बसलंय ते बघा. मुलं बंगळुरूला नाहीतर कॅनडात, इथे सत्तरी-ऐंशीतलं एकेक माणूस. आमच्या तळमजल्यावरच्या काकू त्यातल्याच. निवृत्त शिक्षिका. काका गेल्यापासून एकट्या. चौकीच्या एकट्या ज्येष्ठांच्या यादीत त्यांचं नाव आहे, म्हणून बीटच्या, म्हणजे आमच्या भागाच्या हवालदार मॅडम येतात. दहा मिनिटं बसतात, कामवाली बदलली का, कुणी नवीन माणूस येतंय का विचारतात, वहीत सही घेतात आणि जातात. एवढ्यावरून ही बदनामी!

आणि एवढ्यामुळेच गेल्या पावसाळ्यात काकूंची जन्माची पुंजी वाचली.

सकाळी काकूंना फोन आला. तुमच्या आधार कार्डावर पार्सल सापडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, मुंबई क्राइम ब्रँचमधून बोलतोय, व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा, घराबाहेर जायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. काकू दुपारपर्यंत फोनसमोर बसून होत्या. लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला फोन, पुढ्यात एफडीच्या पावत्या आणि पासबुक. स्वयंपाक केलेला नाही, गोळ्या घेतलेल्या नाहीत. वर राहणाऱ्या आम्हाला पत्ता नाही.

दुपारी हवालदार मॅडम नेहमीप्रमाणे आल्या. काकूंनी साखळी न काढताच फटीतून सांगितलं, "आज नको, नंतर ये." दुसरं कुणी असतं तर गेलं असतं. मीही गेले असते. पण मॅडमना काकू माहीत होत्या. चहा घेतल्याशिवाय उठू न देणारी बाई आज दार उघडत नाही, म्हणजे काहीतरी आहे. त्या म्हणाल्या, "आजी, पाणी तरी द्या, ऊन फार आहे." शिक्षिकेने तहानलेल्या पोरीला दारातून कसं पाठवायचं? साखळी निघाली.

ग्रुपवरच्या मंडळींनी हे जरा डोळ्यासमोर आणा आणि मग फ्लॅटच्या भावाबद्दल बोला.

व्हिडिओ कॉलवरच माणसाला असं 'अटकेत' ठेवण्याला चोर "डिजिटल अरेस्ट" म्हणतात. अशी गोष्ट आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तीही अंबाल्याच्या एका वृद्ध बाईंच्या तक्रारीवरून, कारण चोरांनी त्यांना कोर्टाचेच खोटे आदेश दाखवले होते. मोबाइलवर अशा फसवणुकीपासून सावध करणारी कॉलर ट्यूनही वाजत होती. काकूंनी ती ऐकलेली होती. तरी बसल्या ना फोनसमोर? भीती वाटली की कॉलर ट्यून आठवत नाही हो. ओळखीचं माणूस आठवतं.

मला पोटतिडकीने सांगायचंय ते हेच. म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारा चोर पोलिसाचंच सोंग घेतो. रस्त्यावरही तेच. "पुढे चेकिंग चालू आहे आजी, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा" म्हणणारे तोतये पुण्यात किती वर्षं फिरतायत! घरी येऊन रुमाल सोडला की आत खडे. ज्या आजीने आयुष्यात खरा पोलीस जवळून पाहिलेलाच नाही, तिने खोटा कसा ओळखावा? खाकी म्हणजे भ्यायचं, एवढंच तिला ठाऊक.

मॅडम आत आल्या, फोन पाहिला, उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "कुठलं पोलीस ठाणं रे तुझं? बकल नंबर सांग." पलीकडे अंगात वर्दी घातलेला, मागे बोधचिन्ह लावून बसलेला माणूस. एका सेकंदात कॉल कट. मग मॅडमनी मला हाक मारली. मी खाली गेले तेव्हा काकू थरथरत होत्या आणि मॅडम त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. नंतर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून तक्रार त्यांनीच नोंदवायला लावली, बँकेतही सोबत आल्या.

आणि पोलीस काही उपकार करत नाहीत, हेही सांगते. ज्येष्ठांचा २००७ चा कायदा आहे, त्याखालचे नियम आहेत. प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची आणि महिन्यातून निदान एकदा कुणीतरी भेटून यायचं. साक्षीसाठीसुद्धा साठीच्या पुढच्या माणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनी घरी यायचं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. म्हणजे पोलीस दारात येणं हा म्हाताऱ्या माणसाचा हक्क आहे. तो बंद करायचा ठराव तुम्ही कोण करणार?

हो, मान्य आहे, सगळीकडे अशा मॅडम नसतात. माझ्या मावशीची चेन गेली तेव्हा एका ठाण्यात "हद्द आमची नाही" म्हणून तिला बाकावर बसवून ठेवलं होतं. गणपती आणि निवडणुकांच्या बंदोबस्तात इथेही कुणी फिरकत नाही. आणि यादी भलत्याच्या हातात पडली तर, हा प्रश्नही खोटा नाही. त्यासाठी ठाण्याला जाब विचारा, भेटी वाढवून मागा. बंद कसल्या करता?

लिहितालिहिता राग थोडा उतरलाय. मेसेज टाकणारे काकाही उद्या पंचाहत्तरीचे होतील, त्यांची मुलगी पुण्यात नाही. त्यांचं नाव यादीत मीच घालायला लावणार आहे.

काकू त्या दिवशी संध्याकाळी म्हणाल्या होत्या, "अगं, त्या फोनवरच्यालाही मी साहेबच म्हणत होते. पण ह्या पोरीला ओळखत होते ना." पैशांबद्दल त्या अजूनही फारसं बोलत नाहीत. आपण लहान मुलासारखं घाबरलो, याची लाज त्यांना अजून वाटते. मॅडम आल्या की मात्र आता साखळी आधीच काढून ठेवलेली असते.

शनिवारी सकाळी मी चौकीत जातेय. आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या ज्यांना नोंद करायची आहे त्यांनी नाव, वय, रक्तगट, डॉक्टरांचा आणि जवळच्या दोन माणसांचा नंबर एका कागदावर लिहून माझ्याकडे द्या. जादा किल्ली कुणाकडे असते तेही लिहा. तातडीला ११२, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३०, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवा. आईबाबा दुसऱ्या गावात असतील तर आज रात्री फोन करा आणि एवढंच विचारा, तुमच्या बीटच्या हवालदाराचं नाव काय?