गोल मोजून फॉरवर्ड निवडू नका

सोलापुरात शालेय फुटबॉल स्पर्धा सुरू झाल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पोरानं एका मॅचमध्ये पाच गोल मारले, त्याला पुण्याला पाठवा." माझं मत स्पष्ट आहे. १४ वर्षांखालच्या पोराचे गोल मोजून त्याला फॉरवर्ड, म्हणजे सर्वात पुढे राहून गोल करणारा खेळाडू, ठरवणं चूक आहे, आणि गुणी पोरं सतराव्या-अठराव्या वर्षी खेळ सोडतात त्यामागे ही चूक बरेचदा असते.

तेराव्या वर्षी एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. वयोगट १ जानेवारीपासून धरला तर जानेवारीतलं पोर डिसेंबरमधल्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं. मिसरूड फुटलेलं पोर बॉल पुढे ढकलतं, त्यामागे सुसाट पळतं आणि गोल करतं. त्याला पहिला टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, शिकायची वेळच येत नाही. चार वर्षांत बाकीची पोरं वाढतात, वेगाचा फायदा संपतो आणि हातात दुसरं काहीच उरत नाही. मग काही पालक वय कमी दाखवायच्या नादी लागतात. तसं करू नका. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासण्याची टीडब्ल्यू-३ ही पद्धत भारतीय फुटबॉलमध्ये वापरली जाते, आणि त्यात पोर सापडलं की त्याची वर्षं वाया जातात.

मग बघायचं काय? बॉल पायात नसताना पोरगा काय करतो ते बघा. ९० मिनिटांच्या सामन्यात फॉरवर्डच्या पायात बॉल दोन-तीन मिनिटंसुद्धा नसतो. उरलेला सगळा वेळ जागा शोधण्यात जातो. डिफेंडरला बॉल आणि फॉरवर्ड एकाच नजरेत दिसता कामा नयेत, म्हणून त्याच्या पाठीकडच्या खांद्यामागे उभं राहायचं. पास देणाऱ्याने मान वर केली की आधी दोन-तीन पावलं बॉलकडे यायचं. डिफेंडर सोबत ओढला गेला की त्याच्या मागे मोकळ्या झालेल्या जागेत वळायचं. सरळ नाकासमोर पळालं की पोरगा ऑफसाइड, म्हणजे गोलकीपर सोडून शेवटच्या डिफेंडरच्याही पुढे, सापडतो. डिफेंडरांच्या रेषेला समांतर आडवं पळत, कमानीसारखं वळून आत शिरायचं. ऑफसाइड बघतात तो पास सुटण्याच्या क्षणी, बॉल मिळण्याच्या क्षणी नाही. एवढी गोष्ट नीट समजली तरी निम्मी शिट्टी वाचते.

सरावाला तीनच माणसं लागतात: एक पास देणारा, एक डिफेंडर, एक फॉरवर्ड. १० धावा, दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे. पहिला आठवडा शॉट मारूच देऊ नका. शॉट मारायला मिळाला की पोरांचं सगळं लक्ष तिकडे जातं आणि धाव बिघडते.

शॉटबद्दलही बोलायला हवं. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. आपली पोरं संध्याकाळभर बॉक्सच्या, म्हणजे गोलपासून १६.५ मीटरवरच्या, रेषेबाहेरून जोर काढत बसतात. ११ मीटरवरची पेनल्टी, जिथे समोर फक्त गोलकीपर असतो, तीही मोठ्या खेळाडूंची साधारण चारातली एक चुकते. मग बाहेरून, पायांच्या गर्दीतून किती जाणार? गेर्ड म्युलरने पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल केले, त्यातले बहुतेक बॉक्सच्या आतले, जवळचे. म्हणून सराव ६ ते १२ मीटरवरून, एका टचमध्ये, २० उजव्या पायाने आणि २० डाव्या पायाने. बाजूने आलात तर लांबच्या पोस्टकडे, जमिनीलगत मारा. तो अडवला तरी बॉल बरेचदा गोलसमोर सुटतो आणि दुसऱ्या फॉरवर्डला मिळतो. बॉल बारवरून जात असेल तर उभा पाय, म्हणजे शॉट न मारणारा पाय, बघा. तो बॉलच्या मागे राहिला की शरीर मागे झुकतं. उभा पाय बॉलच्या शेजारी, वीतभर अंतरावर हवा.

आता आपल्या मैदानाचा प्रश्न. काळी माती मार्चनंतर दगड होते, भेगा पडतात, बॉल कुठेही उसळतो. अशा जमिनीवर लांब स्टडचे महागडे बूट देऊ नका. स्टड रुतत नाहीत आणि सगळा दाब टाचेवर व तळव्यावर येतो. बारीक रबरी बटणांचे टर्फ शूज घ्या. साधारण ९ ते १४ वयात टाच दुखत असेल, किंवा गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखत असेल, तर ते वाढत्या हाडाचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. मलम चोळून खेळवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि उड्या व स्प्रिंट काही आठवडे कमी करा. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत संपवा. दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर पाणी द्या. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घातलं की घरचं पेय तयार. खाण्यासाठी ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगाचटणी, अंडी हे पुरेसं आहे. डब्यातल्या पावडरींवर पैसे घालवू नका.

फॉरवर्डला सर्वात जास्त छळते ती मांडीमागची हॅमस्ट्रिंग. पूर्ण वेगात पळताना पाय पुढे येऊन जमिनीला टेकायच्या बेतात असतो, तेव्हा हा स्नायू ताणला जात असतानाच पायाला ब्रेक लावत असतो. तिथेच तो फाटतो. उपाय बिनखर्चाचा आहे. गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून जमेल तितकं हळूहळू पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात ५ वेळा, असं दोनदा. पुढे वाढवत ८ वेळा, तीनदा. सुरुवातीला मांड्या भरून येतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी नको. सामन्याआधीच्या तयारीसाठी फिफाचा '११ प्लस' हा २० मिनिटांचा क्रम आहे, त्याला फक्त बॉल आणि मोकळी जागा लागते. मांडी भरली असताना "चालतंय" म्हणून उतरवलेला पोरगा पुन्हा तिथेच दुखावतो, आणि दुसऱ्यांदा जास्त आठवडे बसतो.

पालकांनी बाजाराचं वास्तवही बघावं. आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली व्यावसायिक क्लबांची स्पर्धा) २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. क्लबला मोजकेच परदेशी खेळाडू उतरवता येतात, आणि त्यातली एक जागा बहुधा स्ट्रायकरवर, म्हणजे मधल्या फॉरवर्डवर, खर्च होते. भारतीय फॉरवर्डच्या वाट्याला मग बहुतेक वेळा विंग, म्हणजे मैदानाची बाजू, येते. म्हणून पंधराव्या वर्षापर्यंत दोन जागा आल्याच पाहिजेत: मधली आणि एक बाजू. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे आयएसएलमध्येही मुख्यतः विंगवर खेळला.

भारताचा माजी कर्णधार सुनील छेत्री याची उंची जेमतेम ५ फूट ७ इंच. २००५ मध्ये पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच गोल. मधल्या काळात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या क्लबात आणि पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबाच्या ब संघात संधी मिळाली, तिथे जम बसला नाही, तो परत आला. जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला तेव्हा १५१ सामन्यांत ९४ गोल होते. त्यानंतरच्या आयएसएल हंगामात, चाळीसाव्या वर्षी, १४ गोल केले. वेग विशीत होता तसा उरलेला नव्हता. डिफेंडरच्या आधी अर्धं पाऊल कुठे टाकायचं हे त्याला माहीत होतं.

कागदपत्रांत आळस नको. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर नाव व तारीख अक्षरशः एक हवी. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते. २०२५ मध्ये आयएसएलच रखडली आणि काही क्लबांत पगार थांबले. त्यामुळे दहावी-बारावी सोडून अकादमीत जाणं मला पटत नाही.

ट्रायलला अनोळखी संघात २०-२५ मिनिटं मिळतात आणि पास कुणी देत नाही. पहिले दोन टच साधे ठेवायचे, बॉल मिळाला की जवळच्याला द्यायचा. बॉल गेला की पहिली पाच सेकंदं त्याच्या मागे लागायचं. आवाज देत राहायचं. आणि आत शिरायची धाव पास येवो न येवो, दर वेळी पूर्ण करायची. निवड करणारे सर नेमकं तेच टिपत असतात.