जोत्यावरची टूं टूं

मे महिन्यात लोक गावी जाताना फणस आणायला रिकाम्या पिशव्या नेतात, मी मेटल डिटेक्टर नेला. ऑनलाइन सेलमध्ये साडेसहा हजाराला पडला, बायकोला सांगितलेला आकडा वेगळा. मालवणजवळ आमचं जुनं घर पडून वीसेक वर्षं झाली, आता नुसतं जोतं उरलंय आणि त्यावर रान माजलंय. त्या जोत्याखाली पणजीने सोन्याच्या पुतळ्यांची माळ पुरलीय असं दर गणपतीला जेवणं झाल्यावर कोणीतरी सांगतंच. नेमकी कुठे म्हणून विचारलं की सगळे हात धुवायला उठतात.

सकाळी सातला मशीन चालू केलं आणि ते टूं करायला लागलं ते थांबेचना. व्हिडिओतला माणूस हिरव्यागार शेतातून शीळ घालत चालतो, टूं झालं की खणतो, नाणं निघतं. त्याच्याकडे जांभा दगड नसणार. आपल्याकडे पावसाने युगानुयुगं दगडातला बाकी माल धुऊन नेला आणि लोखंड नि अॅल्युमिनियम तेवढं मागे ठेवलं, तो लाल रंग म्हणजे सरळ गंजच, म्हणजे मी एका गंजलेल्या तव्यावर उभा राहून सुई शोधत होतो आणि वर जोतंही जांभ्याच्याच चिऱ्याचं! शेवटी पुस्तिका वाचली (सगळं फसल्यावर वाचायची ती गोष्ट), तर म्हणे आधी ग्राउंड बॅलन्स करा. म्हणजे खालची थाळी जमिनीजवळ वर-खाली, वर-खाली करत राहायचं, मशीनला जमिनीच्या बडबडीची सवय होईपर्यंत.

गडग्यापलीकडून शेजारचे तात्या बघत होते.

"जमिनीक काय ओवाळतस रे?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं.

"आदी गाराणा घाल, मगे खण. राखणदार आसतलो थंय!"

अर्ध्या तासात जोत्यावर अकरा माणसं. त्यातली सात भावकीतली, सातबाऱ्यावर नाव असलेली.

मशीन आकडा दाखवतं, लोखंडाला खालचा, तांब्या-चांदीला वरचा, इथवर ठीक आहे. पण सोन्याची बारीक वस्तू आणि गोळ्यांच्या स्ट्रिपचा तुकडा मधल्याच पट्ट्यात कुठेतरी येतात, त्यामुळे प्रत्येक वेळी खणावंच लागतं. अकरा माणसांसमोर घाम गाळत, चिऱ्यावर पहार आपटत, दीड वीत खाली जाऊन डोकेदुखीच्या गोळीची पट्टी काढायची, याला छंद म्हणतात. सोड्याचे बिल्ले नऊ निघाले. बिजागरी, खिळे, विळीचं पातं.

मी फोनवर फोटो काढून ओळख पटवायला बघत होतो, पण रेंज फक्त आंब्याखाली. तेवढ्यात काकी आमसुलं वाळत घालून आली आणि पायरीवर बसली. मग फोनची गरजच उरली नाही. पातं बघून म्हणाली, थोरलीचं, वाटण्या झाल्या तेव्हा हरवलं म्हणून तिने माझ्यावर आळ घेतला होता. मधे भोक असलेला पैसा निघाला, वर मुकुट आणि साल १९४५, महायुद्धात धातू वाचवायला काढलेलं नाणं ते, मी हे सगळं उत्साहाने सांगतोय तर काकी म्हणे, धाकट्याच्या करदोट्यात बांधलेला, न्हाणीत पडला, मार मी खाल्ला.

लॉ करणाऱ्या पुतण्याने बारीक आवाजात सांगितलं की १८७८ च्या कायद्याने जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. सगळ्यांनी एकदम त्या भोकाच्या पैशाकडे बघितलं.

आणि मग तो आवाज आला. वरचा आकडा, स्वच्छ, चारी बाजूंनी तसाच. पहार टाकून बोटांनी उकरलं तर हिरवीगार गोल चकती. शिवराई, शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं! माझे हात खरंच थरथरले. हावरटासारखं तांब्याभर पाणी ओतलं, अंगठ्याने चोळलं, एका बाजूला "श्री राजा शिव" दिसणार म्हणून श्वास रोखला. अक्षर एकही नाही. कडेला नुसते दोन खड्डे, शेजारी शेजारी.

काकीने हातात घेतली, पदराने पुसली आणि खड्ड्यांवरून नख फिरवलं.

"तुझ्या आजोबांच्या चुन्याच्या डबयेचा झाकण ह्या. दात लावन उघडीत."

कोणी हसलं नाही. मला आजोबा आठवत नाहीत, त्यांचे पुढचे दोन दात मात्र आता मला माहीत आहेत.

मी झाकण खिशात घालणार एवढ्यात चुलतभाऊ पुढे आला. खड्डा त्याने पावलांनी मोजला, परत मोजला. झाकण माझ्या हिश्श्यात निघालं हे त्याला मान्य होतं. पण जोत्याला उतार आहे, म्हणजे डबी घरंगळत त्याच्याच हिश्श्यात गेली असणार, आणि रिकामी डबी कोण कशाला पुरेल? एवढं बोलून त्याने माझ्या हातातून मशीन घेतलं.

संध्याकाळचे सहा वाजलेत. मी आंब्याखाली बसून हे टाइप करतोय आणि तिकडे तो जमिनीला ओवाळतोय.