उजवाच डोळा का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही, कारण त्यात तुमच्या पुतण्याचा विषय आहे आणि तिथे मला खरंच काळजी वाटते, म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळा लावून बघायच्या खिडकीला, जो डोळा आपोआप जातो तोच वापरा, उगाच बदलू नका. तुम्ही म्हणता ही नवशिक्यांची दिशाभूल आहे, कॅमेरे उजव्या डोळ्यासाठीच बनवलेले असतात, नेमबाजीतही उजव्याच डोळ्याने नेम धरायला शिकवतात, शिवाय उजवा डोळा डाव्या मेंदूला जोडलेला आणि डावा मेंदू म्हणजे शिस्त, मोजमाप, म्हणून फ्रेम त्याच डोळ्याने नीट बसते. तुमचा पुतण्या डाव्या डोळ्याने बघतो, तुम्ही त्याची सवय मोडताय, आणि माझा लेख वाचल्यापासून तो तुमचं ऐकेनासा झालाय.

आधी मेंदूचं घेतो कारण ते सगळ्यात पटकन निकालात निघतं. एक डोळा एका मेंदूला अशी जोडणीच नसते हो. प्रत्येक डोळ्यातून निघालेल्या तंतूंपैकी नाकाच्या बाजूचे साधारण निम्मे तंतू मध्ये एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात आणि कानाच्या बाजूचे आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे समोरच्या दृश्याचा डावा भाग, मग तो कुठल्याही डोळ्याने बघा, उजव्या मेंदूत जातो आणि उजवा भाग डाव्या मेंदूत. म्हणजे एकच डोळा व्ह्यूफाइंडरला लावला तरी त्या चौकटीचा अर्धा भाग या मेंदूत आणि अर्धा त्या मेंदूत पोचतोच. "डावा डोळा कलाकाराचा" हे जे उलट्या बाजूने सांगितलं जातं तेही याच कारणाने चूक आहे, म्हणून मी तेही कधी लिहिलेलं नाही.

आता नेमबाजी. तिथे कुठला डोळा लावायचा याला महत्त्व असतं हे तुमचं बरोबर आहे, पण ते इथे लागू होत नाही. रायफलचा दस्ता खांद्याला टेकलेला असतो आणि नळीवरचे साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, डोळ्याच्या रेषेत आणावे लागतात, मग उजव्या खांद्यावर रायफल आणि प्रबळ डोळा, म्हणजे मेंदू ज्याचं आधी ऐकतो तो, डावा असला की खरोखर पंचाईत होते. कॅमेरा खांद्याला बांधलेला नाही आणि व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्याने रेष जुळवायची नसते, चित्र आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, तयारच येतं, ते डाव्याने बघितलं काय आणि उजव्याने बघितलं काय, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर जे पडायचं ते तेच पडतं. आणि नेमबाजीतले जाणकार प्रशिक्षकसुद्धा आधी प्रबळ डोळा कुठला ते तपासतात, मग ठरवतात, सरसकट उजवा नाही लावत.

प्रबळ डोळा ही काही हल्लीची टूम नाही. जांबातिस्ता देल्ला पोर्ता या इटालियन विद्वानाने १५९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात याबद्दल लिहून ठेवलंय. साधारण दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ असतो आणि जवळपास एक तृतीयांश लोकांचा डावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डोळाही उजवाच असेल असं धरून चालता येत नाही, उजव्या हाताने सगळं करणारी आणि डाव्या डोळ्याची अशी माणसं भरपूर असतात. आणि हे महत्त्वाचं आहे, प्रबळ म्हणजे जास्त स्वच्छ दिसणारा असं नाही. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं दिसत असताना मेंदू ज्याचं आधी ऐकतो तो प्रबळ. म्हणूनच प्रबळ डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की दुसरा उघडा ठेवला तरी त्याचं चित्र सहज मागे पडतं, आणि उलटं केलं की बाहेरचं दृश्य सारखं चौकटीत घुसत राहतं, माणूस वैतागून तो डोळा घट्ट मिटून घेतो.

आणि खरी गडबड त्या घट्ट मिटण्यात आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी फोटोग्राफी शिकत होती, प्रबळ डोळा डावा, तिला शिकवणाऱ्याने सांगितलं उजवाच लाव. तिला नुसता डावा डोळा मिटताच येत नव्हता, बऱ्याच लोकांना एकच कुठला तरी डोळा मिटता येतो, दुसरा मिटायला गेलं की दोन्ही मिटतात. मग ती काय करायची तर डाव्या हाताचं बोट डाव्या पापणीवर दाबून धरायची. आता बघा, डावा हात कुठे असायला हवा? लेन्सच्या खाली, तळव्यावर वजन घेऊन, कोपर छातीला टेकवून. तो हात गेला पापणीवर, सगळा कॅमेरा एकट्या उजव्या हातात, शटर दाबताना प्रत्येक वेळी पुढचा भाग खाली झुकायचा. फोटो हलतात म्हणून तिला शटर स्पीड वाढवायला सांगत होते! मी तिला एवढंच म्हटलं की तुला हवा तो डोळा लाव, हात आपोआप लेन्सखाली गेला आणि हलणं थांबलं. हे समोर बघितलंय म्हणून मी "सवय मोडा" या सल्ल्याच्या इतका विरोधात आहे.

पण तुमच्या एका मुद्द्याला मी पूर्ण मान देतो, कॅमेरे उजव्या डोळ्याला धरून बनतात हे खरंय. ग्रिप म्हणजे धरायची मूठ उजवीकडे, शटर उजवीकडे, अंगठ्याची बटणं उजवीकडे. वेगळा विचार करणारे अपवादच, जसं १९३६ च्या किने एक्झाक्टावर शटरचं बटण आणि फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर दोन्ही डाव्या बाजूला होते. लायका एम३ (१९५४) सारख्या रेंजफाइंडरची, म्हणजे ज्यात लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघतात अशा कॅमेऱ्याची, खिडकी अगदी डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे उजवा डोळा तिथे लावला की डावा डोळा कॅमेऱ्याच्या बाहेर मोकळा, आणि त्या व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जवळपास खऱ्या आकाराएवढं, ०.९१ पट, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून चौकट हवेत तरंगल्यासारखी दिसते आणि चौकटीत कोण येणार ते आधीच कळतं. डाव्या डोळ्याच्या माणसाला हे सुख मिळत नाही, त्याचा उजवा डोळा कॅमेऱ्याच्या पाठीमागे झाकला जातो. असा कॅमेरा घ्यायचा असेल तर डाव्या डोळ्याच्या माणसाने आधी हातात घेऊन बघावा असंच मी सांगेन. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत तर दुखापतच, निकॉन एफएम२ (१९८२) वापरायचा म्हणजे फिल्मचा लिव्हर थोडा बाहेर ओढून ठेवावा लागतो, तेव्हाच उजेड मोजणारा मीटर चालू होतो आणि शटर सुटतं, आणि तो बाहेर आलेला लिव्हर डाव्या डोळ्याच्या माणसाच्या उजव्या भुवईत नाहीतर चष्म्यात रुततो.

आजच्या डीएसएलआर आणि मिररलेसमध्ये तक्रार वेगळी आहे. डावा डोळा लावला की नाक स्क्रीनच्या उजव्या भागावर येतं, आणि स्क्रीनला बोट लावून फोकस पॉइंट (फोकस जिथे बसतो ती जागा) हलवायची सोय चालू असेल तर नाकाने पॉइंट भलतीकडे जातो, माणसाला वाटतं कॅमेरा बिघडला. सेटिंगमध्ये जाऊन व्ह्यूफाइंडर वापरताना स्क्रीनचा कुठला भाग टचला प्रतिसाद देईल ते बदलता येतं, बऱ्याच कॅमेऱ्यांत आहे हे, नाहीतर ते बंद करून जॉयस्टिक वापरायची. अंगठ्याच्या बटणाने फोकस करणाऱ्यांना गालाची अडचण होते, तीही खरीच, पण सरावाने जागा सापडते.

आता उभ्या फ्रेमचं सांगतो, हे फार कमी लोक सांगतात. उभा फोटो काढताना बहुतेकजण ग्रिप वर करतात. तसं केलं की कॅमेऱ्याचा माथा डावीकडे जातो, व्ह्यूफाइंडर डावीकडे आणि स्क्रीन उजवीकडे. उजव्या डोळ्याच्या माणसाचं नाक यात कॅमेऱ्याच्या बाहेर मोकळं राहतं, डावा डोळाही मोकळा. डाव्या डोळ्याच्या माणसाचं नाक मात्र सरळ स्क्रीनवर चेपतं. त्याने कॅमेरा उलट्या बाजूने फिरवायचा, ग्रिप खाली. माथा उजवीकडे येतो, नाक माथ्याच्या पलीकडे निसटतं आणि उजवा डोळा पूर्ण उघडा राहून बाहेरचं सगळं बघतो. म्हणजे आडव्या फ्रेममध्ये त्याला जे मिळत नाही ते उभ्या फ्रेममध्ये मिळतं! उजवा हात खाली आल्याने कोपरही अंगाजवळ राहतं. कोणी तरी "ग्रिप वरच धरायची" असं शिकवलेलं असतं म्हणून लोक वर्षानुवर्षं नाक चेपून फोटो काढतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग डोळा कधीच बदलू नये का? तर तसंही माझं म्हणणं नाही. प्रबळ डोळ्याला मोतीबिंदू असेल किंवा नंबर खूप जास्त असेल तर चांगला दिसणारा डोळा वापरावा, तिथे प्रबळपणा धरून बसण्यात अर्थ नाही. रात्री आकाशाचे फोटो काढणाऱ्यांनाही मी वेगळं सांगतो, अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं तरी लागतात आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरच्या उजेडात तो सराव क्षणात जातो, म्हणून एक डोळा कॅमेऱ्याला देऊन टाका आणि दुसरा अंधारासाठी राखून ठेवा. आणि कधीही डोळा बदललात की आयपीसजवळचं डायॉप्टरचं चाक, म्हणजे डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्पष्ट करणारं, पुन्हा फिरवा, दोन डोळ्यांचा नंबर बहुधा सारखा नसतो. लोक डाव्यासाठी लावलेल्या डायॉप्टरवर उजव्याने बघतात आणि म्हणतात फोकस बसत नाही, लेन्स सर्व्हिसला टाकतात.

आता तुमच्या पुतण्याबद्दल. त्याला आणखी काही दिवस बदलायला लावण्याआधी एवढं करा. त्याला दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांच्या मध्ये छोटी फट ठेवायला सांगा, अगदी समोरची लांबची एखादी वस्तू, तिरकी नको, दोन्ही डोळ्यांनी त्या फटीतून बघायची, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने वस्तू फटीत राहते तो प्रबळ. कॅमेऱ्याचं नाव काढू नका तेव्हा, नाहीतर तो तुम्हाला हवं ते उत्तर देईल. मग एकेक डोळा झाकून लांबची पाटी वाचायला लावा. उजव्याने अंधुक दिसत असेल तर तो मुद्दाम तुमचं ऐकत नाही असं नाहीये, त्याला दिसतच नाहीये, आणि मग फोटोग्राफी बाजूला ठेवून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, लहान वयात कळलं तर उपचाराचा उपयोग जास्त होतो. दोन्ही डोळे चांगले निघाले आणि प्रबळ डावा निघाला तर डायॉप्टर डाव्यासाठी लावून द्या, टचचा भाग बदलून द्या, उभ्या फ्रेमला ग्रिप खाली घ्यायला सांगा आणि उजवा डोळा शक्यतो उघडा ठेवायला सांगा. टेस्टमध्ये काय निघालं ते इथेच खाली लिहा, तो कुठला कॅमेरा वापरतो तेही लिहा, म्हणजे टचचं सेटिंग कुठे सापडेल ते मला सांगता येईल.