माय गेरी

आमच्या बाथरूममध्ये एक निळा प्लॅस्टिकचा मग आहे. काठाला चिरलेला, कान मात्र शाबूत. गेल्या मे महिन्यात पहाटे साडेचारला मी तो उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो.

राहिलो म्हणजे अक्षरशः राहिलो. खाली जाता येईना, वर येता येईना. कमरेच्या डाव्या अंगाला कोणीतरी सुतळीची गाठ मारून टोक खेचलंय, असं वाटत होतं. मग रिकामा होता. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे ते मला बऱ्याच लोकांकडून ऐकावं लागलं. नळाला पाणी आलं होतं, कूलरची टाकी भरायची होती आणि चार भरलेल्या बादल्या मी आधीच खिडकीपर्यंत वाहून नेल्या होत्या. त्यातली एखादी उचलताना उसण भरली असती तर चारचौघांत सांगायला तोंड राहिलं असतं. पण नाही. बादल्यांनी सोडलं आणि मगाने धरलं.

मी ३४ वर्षं कराटे करतो. जळगावात आमच्या गल्लीमागच्या मैदानावर पोरांना शिकवतोही. त्यामुळे बायकोने बाथरूमचं दार ढकललं, मला कमरेत वाकलेला, एक हात पुढे काढलेला आणि दात आवळलेला पाहिलं, तेव्हा तिला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. दात घासताना मी घोडेस्वाराच्या बैठकीत उभा असतो आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याजवळ एका पायावर. तिने आयुष्य काढलंय यात. ती म्हणाली, "तुमचं झालं की दूध तापवा," आणि दार लोटून घेतलं.

मी ओरडलो. तेही तिला सवयीचंच होतं. आमच्यात त्या ओरडण्याला 'किआई' म्हणतात, पोटातून काढायची असते. तिसऱ्या किआईत "अगं ए" हे शब्द आले तेव्हा कुठे ती परतली.

कराटेचं आधुनिक रूप जगासमोर आणणारे गिचिन फुनाकोशी हे मूळचे ओकिनावाचे शाळामास्तर. १९२२ साली प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. सुरुवातीला एका वसतिगृहात राहून खोल्या झाडायच्या, बागकाम करायचं, पहारा द्यायचा आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवायचं, असे दिवस त्यांनी काढले. त्यांनी शिष्यांसाठी वीस सूत्रं सांगून ठेवली आहेत. त्यातलं एक सांगतं की आपत्ती बेसावधपणातून येते. दुसरं म्हणतं, दाराबाहेर पाऊल टाकलं की दहा लाख शत्रू उभे आहेत असं समजावं. हे मी पोरांना तोंडपाठ करायला लावतो. बाथरूमच्या दाराच्या आत किती शत्रू असतात, याबद्दल फुनाकोशी काही बोललेले नाहीत.

अजून एक सूत्र आहे: कराटे उकळत्या पाण्यासारखं, आच बंद झाली की निवतं. हे मी मे महिन्यात शिकवत नाही. पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्री अकरापर्यंत निवत नाही, आणि त्याला आच कोणीही लावलेली नसते. मे महिन्यात क्लास सकाळी सहाला. आठनंतर अनवाणी पायांनी मैदानावर उभं राहिलं तर पोरं न शिकवता उड्या मारतात. आणि तो कराटेचा ड्रेस! जाडजूड सुती कापड, लांब बाह्या, त्यावर दुहेरी गाठीचा पट्टा. ओकिनावा हे बेट आहे, चारी बाजूंनी समुद्राचा वारा. हा पोशाख ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जळगाव नव्हतं, हे नक्की.

लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो असा: "सर, एका वेळी कितींना लोळवाल?" खरं उत्तर द्यायचं तर गेल्या चौतीस वर्षांत माझ्या अंगावर एकही माणूस चालून आलेला नाही. मी वाट पाहिली. तरुणपणी तर अंधाऱ्या गल्ल्यांतून मुद्दाम जायचो. एकदा रात्री दीड वाजता भुसावळ स्टेशनवर एक दणकट माणूस थेट माझ्याकडे आला. मी डावा पाय पुढे टाकला, मुठी वळल्या, श्वास खाली नेला. तो म्हणाला, "भाऊ, खंडव्याची गाडी गेली का?" गेली होती. मी तसं सांगितलं. मुठी वळलेल्याच होत्या, म्हणून दिशा अंगठ्याने दाखवली.

कराटेत पहिला वार नाही, असंही फुनाकोशी सांगतात. मी ते व्रत इतकं कडक पाळलं की दुसऱ्या वाराचीही वेळ आली नाही. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर कौलं फोडली, तेवढीच काय ती हिंसा. कौलं उलटा वार करत नाहीत. क्लासच्या खोलीत ब्रूस लीचं पोस्टर आहे, तो कराटेवाला नव्हता, कुंग-फूवाला होता. पण ते काढलं तर ॲडमिशन कमी होतात.

असो. मी बाथरूममध्ये होतो.

बायकोने मला धरून पलंगापर्यंत आणलं. ओणवाच. कराटेची सुरुवात वाकून नमस्काराने आणि शेवटही वाकून नमस्काराने, हा आमचा पहिला धडा. मी त्या दिवशी मधलं सगळं गाळून नमस्कारातच अडकलो होतो. दूधवाल्याला वाकून, पेपरवाल्याला वाकून, शेजारच्या कुत्र्यालाही वाकून.

दहा वाजता डॉक्टरकडे जायला रिक्षा आली. आमच्यात 'तेक्की' नावाचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका आहे. त्यात घोडेस्वाराच्या बैठकीत राहून फक्त आडवं सरकायचं, डावीकडे किंवा उजवीकडे. पुढे नाही, मागे नाही. असे तीन तेक्की शिकायला फुनाकोशींना दहा वर्षं लागली. पोरं मला नेहमी विचारतात, सर, असं आडवं आडवं सरकून कोणाला मारणार? मला त्याचं उत्तर कधी देता आलं नव्हतं. त्या दिवशी रिक्षाच्या सीटवर आडवा सरकत सरकत आत शिरलो तेव्हा मिळालं. रिक्षावाला आरशातून बघत होता. म्हणाला, "सर, तुम्ही ते कराटेवाले ना? माझा पोरगा येतो तुमच्याकडे." मग माझ्या सन्मानार्थ त्याने रिक्षा जोरात हाणली. रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, माझी कंबर जेवढं म्हणायचं तेवढं तेव्हाच म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय उचललं होतं?"

मी गप्प.

"मग," बायको म्हणाली.

"मग काय?" डॉक्टर म्हणाले.

"मगच," ती म्हणाली.

हे बराच वेळ चाललं. शेवटी डॉक्टरांना कळलं आणि त्यांनी मान खाली घालून कागदावर लिहायला घेतलं. एवढा वेळ औषधांची नावं लिहायला लागत नाही. स्नायू आखडलाय, दोन-चार दिवसांत सुटेल, गोळ्या घ्या, पुढे वाकू नका. आणि बेल्ट लावा.

बेल्ट. काळ्या पट्ट्याची पद्धत मूळ ज्युदोतली, जिगोरो कानो यांची. फुनाकोशींनी तिथून घेतली आणि १९२४ साली आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत यायला मला सात वर्षं लागली. काळ्याच्या पुढे काय, असं पोरं विचारतात. आता सांगू शकतो. काळ्याच्या पुढे कातडीच्या रंगाचा असतो, चार बोटांहून रुंद, मागे पट्ट्या घातलेला, मेडिकलमध्ये मिळतो. त्याला परीक्षा नसते. माप विचारतात फक्त. मेडिकलवाल्याने माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि न मोजता 'एक्सेल' काढला. ही त्याची तपश्चर्या.

दुपारपासून माणसं यायला लागली. खानदेशात आजारी माणसाला एकटं पडू देत नाहीत, त्याला वाटलं तरी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "कराटेत लागलं का?" मी 'हो' म्हणायला तोंड उघडायचो तोच स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "मग उचलत होते!" माझ्या बायकोला खोटं खपत नाही. मग येणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी आदर, मग गोंधळ आणि शेवटी एक प्रकारचं समाधान यायचं. एकाने बिब्बा घालायला सांगितला, एकाने विटेचा शेक, एकाने लसूण घालून कढवलेलं तेल. बिब्ब्याचा आग्रह धरणाऱ्याच्या स्वतःच्या पाठीवर बिब्ब्याचा डाग होता. तो त्याने शर्ट वर करून दाखवला आणि आजही वाकता येत नाही असं अभिमानाने सांगितलं.

परीक्षा रविवारी होती. पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्याची पोरं, अठ्ठावीस, परीक्षक मी. मग उचलला तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळीही मला सरळ होता येईना तेव्हा बायकोने गच्चीकडे तोंड करून हाक मारली, "माय, जरा खाली येता का?"

माय म्हणजे शेजारची. वय पंच्याहत्तरच्या पुढे, माहेर अमळनेरकडचं, बोलणं अस्सल अहिराणी. गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घातल्या होत्या आणि ती काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. तिच्या ओट्यावरून आमचं मैदान दिसतं. समोरून मारायच्या लाथेला जपानीत 'माए गेरी' म्हणतात. पहिल्या वर्षी मी पोरांकडून ती ओरडून घेत होतो, "माए गेरी! माए गेरी!" आणि माय धावत भिंतीपाशी आली होती. "कोनी माय पडनी रे भाऊ?"

आता ती खाली आली. हाताला पीठ, पायात चपला नाहीत. मला पाहून म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ?" बायकोने सांगितलं. मायने निळ्या मगाची चौकशी केली, तो आणून दाखवायला लावला, हातात धरून वजन पाहिलं. "एवढा मोठा गडी, अन् हाई उचलता उचलता भरनी?" मग मला म्हणाली, "पालथा पड. मी पायाळू शे."

पायाळू म्हणजे जन्मताना जे आधी पायांनी बाहेर येतात ते. त्यांनी पाठीवर लाथ मारली की उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. शिवाय लाथ हा माझा विषय आहे. लाथेने स्नायू कसा सुटेल, याविषयी माझ्या मनात काही मुद्दे होते आणि ते मी मांडायला लागलो. माय म्हणाली, "पोरेस्ले लाथा शिकाडस, तुले खावाले काय व्हस?"

यावर शास्त्रात उत्तर नाही. मी पालथा पडलो.

आता एक परीक्षक म्हणून जे पाहिलं ते सांगतो. (मान वळवता येत होती, आणि समोर कपाटाचा आरसा होता.) माए गेरीत आधी गुडघा छातीकडे उचलतात, मग पाय फेकतात, चवड्याने मारतात आणि मारल्या मारल्या मागे खेचून घेतात. मायने गुडघा उचलला तो वीतभर. एका हाताने खिडकीचा गज धरला, दुसऱ्याने लुगड्याचा काष्टा. कंबर वळवली नाही. चवडा नाही, टाच, तीही भेगा पडलेली. नजर लक्ष्यावर नव्हती, गच्चीवरच्या कावळ्यांवर होती. पाय मागे खेचून घ्यायच्या ऐवजी तिथेच ठेवून वर थोडा भार दिला. किआई नाहीच. पिवळ्या पट्ट्यालाही मी नापास केलं असतं.

तीन लाथा. तिसरीला कमरेत कट्ट आवाज आला आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, खणखणीत "ओस!" निघालं. गुरूला द्यायचा प्रतिसाद आहे तो. मायला वाटलं मी विव्हळलो. "व्हयनं, व्हयनं," म्हणत तिने अजून एक दिली. हिशेबाबाहेरची.

"उठ आते."

मी उठलो. सरळ. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मग मायच्या पायाकडे. मी म्हणालो, गोळ्यांचा तिसरा डोस नुकताच झालाय, डॉक्टर दोन दिवस म्हणालेच होते, दुसरा दिवस आजच. बायको म्हणाली, "हो, हो," आणि मायला चहा ठेवला.

माय चहा बशीत ओतून प्यायली, फी म्हणून निळा मग मागितला (गच्चीवर पाणी न्यायला बरा होता) आणि कावळे हाकायला परत गेली. म्हणून वर 'आमच्या बाथरूममध्ये आहे' असं लिहिलंय ते सवयीने. आता तो त्यांच्या गच्चीवर असतो.

रविवारी मी परीक्षा घेतली, खुर्चीवर बसून. आतून कातडीच्या रंगाचा पट्टा, वरून काळा. दोन्हींचा मेळ बसेना, काळ्याची गाठ पोटाच्या डोंगरमाथ्यावर येत होती. अठ्ठावीस पोरं ओळीत उभी. मध्येच एक दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोललं आणि ओळीतून हसू सरकत शेवटपर्यंत गेलं. रिक्षावाल्याचा पोरगा त्यात होता, तेव्हा बातमी कुठून फुटली ते विचारायची गरज नव्हती.

मी आवाज चढवला. "लक्ष समोर! पाय तयार! माए गेरी!"

भिंतीपलीकडच्या ओट्यावर काठी वाजली आणि माय उठून उभी राहिली.

"उनू रे भाऊ! आखो भरनी का?"