तोसूचा कोरियन आणि आमच्या ग्रुपवरचा खालिद

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाचा रस्ता बंद झाला. इथे जपानमध्ये, फुकुओकात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कोल्हापूरच्या शाळूसोबत्यांचा ग्रुप मात्र टक्क जागा. ऑगस्टमध्ये खालिद जमील राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, महिनाअखेर ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं, तेव्हा हाच ग्रुप 'शेवटी आपला माणूस' म्हणून नाचत होता. आता सूर पालटला. 'देशी कोचचं काम न्हाई, गोरा आणा परत.' गोऱ्याच्या, म्हणजे आधीचा स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझच्या हाताखाली जूनमध्ये हाँगकाँगकडून हरलो होतो, ते चार महिन्यांत सगळे विसरले.

त्या रात्री सिंगापूरचे दोन्ही गोल सोंग उई-यंगने केले. कोरियात जन्मलेला मिडफिल्डर, पुढे सिंगापूरचं नागरिकत्व घेतलेला. मला मात्र दुसराच कोरियन मिडफिल्डर आठवत होता, यून जोंग-ह्वान.

फुकुओकाहून रेल्वेने दक्षिणेला निघालं की अर्ध्या तासावर तोसू लागतं. वस्ती सत्तर-पंचाहत्तर हजार. स्टेशनाला लागूनच स्टेडियम, सुमारे चोवीस हजार जागांचं. म्हणजे गावातल्या दर तीन माणसांमागे एक खुर्ची. आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला पेठापेठांतून माणसं लोटतात, पण हे प्रमाण आम्हालाही जमलेलं नाही. इथला क्लब सागान तोसू. १९९९ पासून जपानी लीगच्या दुसऱ्या श्रेणीत रुतून बसलेला. त्याला २०११ मध्ये पहिल्यांदा वर काढलं यून जोंग-ह्वानने.

यून खेळायचा तेव्हा कोरियात त्याचं टोपणनाव होतं 'क्वेदोरी', म्हणजे चलाख पोरगा. अंगाने किरकोळ, धावण्यापेक्षा डोक्याने खेळणारा, फटीतून पास सरकवणारा. २००२ च्या विश्वचषकासाठी कोरियाचा डच प्रशिक्षक हिडिंकने त्याला संघात घेतलं. कोरिया उपांत्य फेरीपर्यंत गेला, सात सामने खेळला. यूनला त्यात एक मिनिटही मिळालं नाही. घरच्या मैदानावर, अख्खा देश लाल सदरे घालून रस्त्यावर उतरलेला असताना. कारकिर्दीच्या शेवटी तो तोसूत खेळायला आला, बूट खुंटीला टांगले आणि तिथेच प्रशिक्षणात शिरला.

आणि गंमत बघा, या नाजूक पासवाल्याने घडवलेला संघ अगदी उलटा निघाला. पळून पळून समोरच्याचा दम काढायचा, लांब चेंडू टाकायचा आणि पुढे स्ट्रायकर तोयोदा योहेईने डोक्याने झडप घालायची. यून आपल्या जुन्या खेळाचा लाडका पुतळा उभारायला बसला नाही. हाताशी कोण आहे ते पाहिलं. वरच्या श्रेणीतल्या पहिल्याच वर्षी, २०१२ ला, तोसू पाचवा आला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये संघ चक्क पहिल्या क्रमांकावर असताना क्लबने त्याला निरोप दिला! प्रशिक्षकाची नोकरी किती कच्च्या दोऱ्यावर असते, हे सांगायला मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही.

मग कोरियातलं उल्सान. मग सेरेझो ओसाका, जिथे तो स्वतः खेळला होता. तिथे बचावाच्या कामाला जुंपलेल्या यामामुराला त्याने थेट पुढे आणलं, २०१७ च्या मोसमात लीग चषक जिंकला आणि पाठोपाठ १ जानेवारी २०१८ ला सम्राट चषक. थायलंडच्या मुआंगथाँगमध्ये डाळ शिजली नाही. जपानच्या चिबामध्ये तीन मोसम गेले, संघ दुसऱ्या श्रेणीतून वर सरकला नाही. तरी पुढचं दार उघडलंच. २०२३ च्या मध्यावर कोरियातल्या गँगवॉनने बोलावलं. त्या मोसमात संघ पहिल्या श्रेणीतून घसरता घसरता वाचला. २०२४ ला तोच संघ दुसरा! मिडफिल्डर ह्वांग मून-गीला उजव्या बगलेचा बचावपटू केलं, तो राष्ट्रीय संघात गेला. यांग मिन-ह्योक नावाच्या शाळकरी पोराला खेळवलं, तो इंग्लंडच्या टॉटेनहॅमला गेला. यून वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला आणि नव्या कराराचं जमेना म्हणून गँगवॉन सोडून दुसऱ्या श्रेणीतल्या इंचॉनकडे गेला.

देशी की परदेशी हा वाद कोरियातही आहे, आणि आपल्याहून कडवा. २०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय संघाचा जर्मन प्रशिक्षक क्लिन्समनला काढल्यावर पाच महिने परदेशी नावांचा घोळ चालला, शेवटी देशी होंग म्योंग-बोला नेमलं. सप्टेंबरमध्ये सोलच्या मैदानात प्रेक्षकांनी स्वतःच्याच प्रशिक्षकाची हुर्यो उडवली, संसदेत त्याची उलटतपासणी झाली. आमच्या ग्रुपवरचे शिव्याशाप त्यापुढे सपक वाटतात. पण हा कल्लोळ वरच्या मजल्यावरचा. खाली यूनसारखी माणसं पडत-चढत असतात. चार मोसम फसले तर पाचवा मिळतो, कारण खाली दुसरी श्रेणी आहे, तिच्यात पगार आहे, आणि वर जायचा जिना आहे.

खालिदचा जिना आठवा. तोही मिडफिल्डर, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी इथे खेळलेला. २०१६-१७ ला त्याने आयझॉलसारख्या गरीब संघाला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. तो संघ आदल्या वर्षी खाली घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतला गेला. एवढं करूनही आयएसएल या देशातल्या वरच्या लीगमध्ये पूर्ण वेळ मुख्य प्रशिक्षक व्हायला त्याला २०२१ उजाडलं, आणि तरी या लीगमधला तो पहिलाच भारतीय. तिच्यात तेव्हा खाली घसरणं नव्हतं. २०२५ च्या जुलैत तर पुढचा मोसमच लटकला. राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपद गोव्याच्या साव्हियो मेदेरांनी २०१२ मध्ये सोडल्यानंतर थेट खालिद, मधली तेरा वर्षं एकही देशी माणूस नाही. या तेरा वर्षांत किती जण फसले, किती शिकले, हे मोजायला माणसंच नव्हती. मग दोन महिन्यांत देशी-परदेशीचा निकाल कशावर लावता?

खालिद चुकत नाही असं नाही. सिंगापूरविरुद्ध एका गोलची आघाडी घेऊन आपण हरलो, त्याचा जाब त्याला द्यावाच लागेल. पण मी इथे पंधरा वर्षं परदेशी म्हणून नोकरी करतो. 'परदेशी' ही लायकी नव्हे आणि खोटही नव्हे, एवढं पगाराच्या पावतीवरून समजलंय.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तोसूच्या स्टेडियमचा फोटोही टाकला. अर्ध्या तासाने एकाचं उत्तर आलं : 'भावा, ह्यो यून आपल्या तालमीच्या टीमला येतोय का विचार की.'

मी विचारलं, पगार किती देणार?

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.