खेकडा म्हणून मगर

"दिवसभर गाडीला लोंबकळून येता, ते पुरत नाही का तुम्हाला?"

आमच्या घरी हा प्रश्न आठवड्यातून सरासरी दोनदा विचारला जातो. मी डोंबिवलीला राहतो. सकाळी फास्ट गाडीत एका पायावर उभा राहून भायखळ्याला जातो, संध्याकाळी दुसऱ्या पायावर परत येतो, आणि जेवणं उरकली की दिवाणाखालून सहा बाय चारची प्लायवुडची फळी ओढून काढतो. फळीवर रूळ आहेत, एक स्टेशन आहे, एक सिग्नल आहे, आणि एक गाडी आहे जी वेळेवर येते. या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व बायकोला अजून पटलेलं नाही.

याला जबाबदार कोथरूड. तिथलं जोशी म्युझियम, छोट्या रेल्वेंचं, १९९८ साली सुरू झालेलं. मुलगी पाच वर्षांची असताना तिला दाखवायला म्हणून नेलं होतं. दिवे मालवले, त्या इवल्याशा शहरात रात्र झाली, खिडक्या उजळलेली गाडी पुलावरून निघाली आणि मुलगी म्हणाली, "बाबा, मला भूक लागली." तिला तिच्या आईनं बाहेर नेऊन काहीतरी खायला घातलं. मी पुढच्या खेळालाही आतच होतो.

माझी गाडी एचझीरो मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर. हे ऐकायला सोयीचं वाटतं. पण डेक्कन क्वीनचा २४ मीटरचा डबा ८७ पट लहान केला तरी तो सव्वा वितीचा होतो, आणि असे सोळा डबे जोडले की गाडी भरते साडेचार मीटर. आमचा हॉल बारा फुटी. म्हणजे इंजिन गॅलरीत गेलं तरी गार्ड स्वयंपाकघरात. म्हणून आमच्याकडे डेक्कन क्वीन तीन डब्यांची आहे आणि वेटिंग लिस्ट नाही.

आता काकांबद्दल.

दादरला एका गल्लीत, एका साड्यांच्या दुकानाशेजारच्या जिन्यानं वर गेलं की काकांचं दुकान लागतं. दुकान म्हणजे एक काउंटर, एक पंखा, एक रेडिओ आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे. डब्यांवर काहीही लिहिलेलं नाही. कुठल्या डब्यात रुळांचे जोड, कुठल्यात चाकं आणि कुठल्यात खरोखरच बिस्किटं आहेत, हे फक्त काकांना ठाऊक. बरीचशी गिऱ्हाइकं इंजिनिअरिंगची पोरं. प्रोजेक्टच्या आदल्या दिवशी धापा टाकत येतात, मोटर मागतात आणि काका त्यांना आधी बसायला सांगतात.

काकांकडे वस्तू मिळतेच असं नाही. मागितलेली तर बहुतेक वेळा मिळत नाही. "पुढच्या आठवड्यात येईल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य आणि ते कोणत्या वर्षाबद्दल आहे, हे विचारायचं नसतं. शिवाय ते विकायलाच नाही म्हणतात. मी एकदा भीत भीत वळणाचे रूळ मागितले, तर त्यांनी फळीचं माप विचारलं, डब्याची लांबी विचारली, आणि म्हणाले, "या वळणावर तुमचा डबा प्लॅटफॉर्मवरच्या माणसांना झाडून नेईल. देणार नाही." मी पैसे हातात धरून उभा होतो. त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

हे एचझीरोमधलं झीरो इंग्रजी ओ नव्हे, शून्य आहे, हेही काकांनीच सांगितलं. झीरो नावाच्या मोठ्या मापाचं अर्धं ते हाफ-झीरो. आणि रुळांच्या निकेल सिल्व्हरमध्ये निकेल असतं, तांबं असतं, जस्त असतं, चांदी मात्र औषधालाही नसते. हे मी घरी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, कारण बिलावर 'सिल्व्हर' वाचल्यापासून बायको गप्प होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मला खेकडा हवासा वाटायला लागला.

खेकडा म्हणजे घाटातलं जुनं विजेचं इंजिन, डब्ल्यूसीजी-वन. १९२८ पासून आपल्या लाइनवर. मध्ये उंच डोकं, पुढे-मागे लांब नाकाडं, आणि चालताना असा काही कण्हत डुलत जायचा की रेल्वेवाल्यांनीच त्याचं नाव खेकडा ठेवलं. लहानपणी व्हीटीच्या यार्डात म्हातारा झालेला खेकडा रिकामे डबे इकडून तिकडे ओढताना मी वडिलांचं बोट धरून पाहिला आहे. एक आता वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभा आहे. त्याचं लहान मॉडेल बाजारात सहजी मिळत नाही. पण त्याची स्विस भावंडं मिळतात. तसंच मध्ये डोकं, तशीच नाकाडं. त्यांना तिकडे मगर म्हणतात. आपल्याला जो खेकडा वाटला तो त्यांना मगर वाटली. खाण्यापिण्याच्या सवयींचा फरक असावा.

काकांकडे एक मगर होती. सेकंड हँड, हिरवी, देखणी. मी ती तासभर हाताळली. काकांनी काउंटरवर रूळ मांडून चालवून दाखवली, उलटी करून तेल कुठं घालायचं ते दाखवलं, चहा मागवला. किंमत चोवीस हजार. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.

घरी मी कोणालाच विचारलं नाही. मोबाइलला विचारलं.

परदेशातल्या एका विक्रेत्याकडे मगर होती, १४० युरोला. टपालखर्च २४ युरो. युरो तेव्हा नव्वदच्या आसपास, म्हणजे सगळी मिळून १४,७६० रुपये. घरबसल्या ९,२४० वाचत होते. आधी मी फोटो डोळे फाटेस्तोवर मोठे करून पाहिले. माहिती जर्मनमध्ये होती, ती भाषांतराच्या बटणानं मराठीत आणली. 'अतिशय चांगली स्थिती. खेळाचे हलके ठसे. पर्यायी प्रवाह.'

पर्यायी प्रवाह! म्हणजे पर्याय आहे. कुठल्याही प्रवाहावर चालतं. काकांच्या मगरीला असा काही पर्याय असल्याचं ते बोलले नव्हते. रात्री पावणेबारा वाजता, बायको झोपल्याची खात्री करून, मी बटण दाबलं.

पुढचे चोवीस दिवस मी कामाला नावापुरता जात होतो. मन पार्सलबरोबर फिरत होतं. फ्रँकफर्ट. मग मुंबई. मग मुंबई. मग पुन्हा मुंबई. डोंबिवलीहून मुंबईला रोज तासाभरात पोचणारा मी, मुंबईहून डोंबिवलीला यायला एका खोक्याला नऊ दिवस का लागावेत, याचा विचार करत मुंब्र्यापाशी गाडीत उभा असायचो.

पोस्टमन आला तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. हे असंच होतं.

"अहो," बायको दाराबाहेरून म्हणाली, "पार्सल आलंय. ड्यूटी भरायची म्हणतात. अकरा हजार चारशे."

नळ बंद केला तरी आकडा तोच होता. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ झाली, २०२३ मध्ये सत्तर, हे मी पेपरात वाचलं होतं आणि 'चला, देशी खेळण्यांना बरे दिवस येतील' असं म्हणून पान उलटलं होतं. आपण स्वतः खेळणं मागवणारे आहोत, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. चोपन्न वर्षांच्या माणसाच्या येतही नाही. बँकेनं परदेशी व्यवहाराचे ६१० कापले होते ते वेगळेच. एकूण २६,७७०. काकांच्या मगरीहून २,७७० जास्त. ही बेरीज मी टॉवेलवर उभा राहून केली. बायकोनं ती माझ्या चेहऱ्यावर वाचली.

असो. खोकं उघडलं. खोक्यात खोकं, त्यात कागद, त्यात फोम, आणि फोमात मगर. वजनदार, थंडगार, हिरवी. सगळी बेरीज-वजाबाकी विसरायला लावणारी. मी ती अलगद रुळांवर ठेवली आणि नॉब फिरवला.

कंट्रोलरनं एक बारीक आवाज काढला, डास मेल्यासारखा, आणि त्याचा लाल दिवा लागला. मी मगर उचलली. दिवा विझला. ठेवली. लागला. उचलली, विझला. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, हे सिग्नलचं काम छान करतंय."

शनिवारी काकांकडे गेलो. पिशवीत मगर, आणि तोंडात तयार करून नेलेलं वाक्य.

"काका, हे एका मित्राचं आहे."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मगर उलटी केली आणि तिच्या पोटावर बोट ठेवलं. तिथं एक लांबट पातळ पट्टी होती, स्प्रिंगवर हलणारी. मी ती पाहिली होती. मला वाटलं होतं, पॅकिंगचा काही भाग असेल.

"मेर्कलिन," काका म्हणाले. "अठराशे एकोणसाठपासूनची कंपनी. माल सोन्यासारखा. पण तीन रुळांचा. तिसरा रूळ दिसत नाही, मध्ये बारीक ठिपके असतात, त्यावरून ही पट्टी घासत जाते. दोन्ही बाजूंची चाकं आतून एकच. आपल्या रुळांत एक धन, एक ऋण. त्यावर हे ठेवलं म्हणजे काय झालं?"

"शॉर्ट सर्किट."

"मित्राला कळलं का नाही हे?"

"त्याला वाटलं, पर्यायी प्रवाह आहे म्हणजे..." मी मोबाइल दाखवला.

काकांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग त्यांनी रेडिओ बंद केला, आणि हे मी त्यांना प्रथमच करताना पाहिलं.

"अहो, एसी आहे हे. आल्टरनेटिंग करंट, दिशा बदलत वाहणारा." त्यांनी मगर सरळ करून माझ्यासमोर ठेवली. "तुमच्या मित्राला म्हणावं, स्विस मगर खरीखुरीही एसीवरच चालायची. आपला खेकडा पंधराशे व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर. १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी गेली तीच डीसीवर. ती डीसी काढून पंचवीस हजार व्होल्टची एसी पुरती आणायला मध्य रेल्वेला २०१६ उजाडलं. तुमचा मित्र एका रात्रीत करायला निघाला होता."

मी खाली बघत होतो.

"मित्र राहतो कुठं?"

"डोंबिवली."

"मागच्या महिन्यात डोंबिवलीचा एक माणूस इथं बसून तासभर मगर बघून गेला. चहा प्यायला. तुमच्यासारखाच चष्मा होता त्याला." काका स्टुलावर चढून वरचा डबा काढायला लागले. "तुमचा मित्रही असेल. एकाच गावात एवढे चष्मे असतात."

त्या माणसानं पाहिलेली मगर कुठं आहे, असं मी विचारलं नाही. काचेच्या कपाटात तिच्या जागी चौकोनी, धूळ नसलेला तुकडा होता.

इंजिन दोन रुळांचं करता येईल का, असं विचारल्यावर काका म्हणाले, येईल. चाकं बदला, पट्टी काढा, आतली वायरिंग बदला, तेवढ्या पैशांत दुसरं इंजिन येईल. मग त्यांनी डबा उघडला. आत मेर्कलिनचे जुने, पत्र्याच्या पायावरचे वळणाचे रूळ होते. मोजून बारा.

"बारा तुकड्यांचा पूर्ण गोल होतो. खाली एसीचा ट्रान्सफॉर्मर पण आहे."

"हे तुमच्याकडे कसे?"

"सहा वर्षांपूर्वी ठाण्याचा एक जण आला होता," काका म्हणाले. "त्याच्याही मित्राचंच होतं."

रूळ आणि ट्रान्सफॉर्मर मिळून साडेतीन हजार झाले. मी यूपीआयचा कोड शोधू लागलो, तर काका म्हणाले, आहे, पण लावलेला नाही. समोरच्या एटीएममधून पैसे काढून आणले. मी येईपर्यंत त्यांनी सगळ्या तुकड्यांचे जोड घासून पुसून ठेवले होते आणि मगर काउंटरवर गोल गोल फिरत होती, कण्हत, डुलत, थेट आपल्या खेकड्यासारखी. आम्ही दोघं दहा मिनिटं काही बोललो नाही. प्रोजेक्टवाला एक पोरगा मोटर मागायला आला होता, तोही बसला.

आता आमच्या घरात दोन रेल्वे आहेत. डीसीची सेंट्रल दिवाणाखाली, एसीची वेस्टर्न डायनिंग टेबलवर. टेबलवरची रात्री साडेदहानंतर सुटते, कारण त्याआधी भांडी असतात. बायकोनं तिकडे सध्या ब्लॉक जाहीर केला आहे, फक्त रविवारी.

मुलीनं परवा दोन्हीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मग दादर कुठंय?"

प्रश्न रास्त होता. निदान दोन लाइनींच्या मध्ये एक पादचारी पूल तरी हवाच. मोबाइलवर होता एक, अठरा युरोचा. मी तो बघितला, बायको माझ्याकडे बघत होती, आणि मी काकांना फोन लावला.

"पूल?" काका म्हणाले. "पुढच्या आठवड्यात येईल."

ही गोष्ट गणपतीच्या आधीची. काल तुळशीचं लग्न लागलं.