साडेसात किलोचं पथ्य

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई जळगावहून आल्या. त्यांच्या हातात पिशवी आणि मागून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या खांद्यावर पोतं. पोत्यातून लाल भोपळा निघाला. वजनकाट्यावर ठेवला तर साडेसात किलो.

"घरच्या शेतातलं डांगर आहे," हे त्यांनी दारातूनच सांगितलं होतं, तेव्हा माझी आई खुशीत बाहेर आली. आम्हा पुणेकरांचं डांगर म्हणजे उडदाचं पीठ ताकात कालवून वर कच्चा कांदा. खानदेशात डांगर म्हणजे भोपळा. आईनं पोत्यात डोकावून पाहिलं आणि तिला एकदम जप आठवला.

हा सगळा घाट माझ्या पित्तासाठी. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हात खवळतं, असं आयुर्वेद सांगतो. 'वैद्यानां शारदी माता' असं वचनच आहे. हा ऋतू वैद्यांना आईच्या मायेनं पोसतो म्हणे. माझ्या पित्ताला कोपऱ्यावरची मिसळही थोडा हातभार लावते, पण तो विषय मी काढला नाही.

भोपळ्याविरुद्ध बोलायला जागाच नसते, ही खरी पंचाईत. नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. शंभर ग्रॅमला जेमतेम 26 कॅलरी. पोटॅशियम आहे, चोथा आहे, पचायला हलका आहे. इतक्या गुणी नातेवाइकाला आपण लग्नात आग्रहानं बोलावतो, पण पंगतीत त्याच्या शेजारी बसत नाही.

"राहू दे की अख्खा. महिनोन् महिने टिकतो," मी सुचवून पाहिलं.

"कापल्याशिवाय आत कसं निघालंय ते कळणार कसं? आणि अख्खं डांगर बाईमाणसानं कापू नये. पहिला घाव तुम्ही घाला, जावईबापू."

एरवी त्या ओट्याजवळ पुरुष म्हणून माझा कधी सन्मान झालेला नाही. ओट्यावर तो डुगडुगत होता, म्हणून त्याच्याखाली टॉवेलाची चुंबळ केली. मोठी सुरी देठाजवळ टेकवून सगळा भार टाकला. ती चार बोटं आत गेली आणि अडकली. ओढली, तर सुरीबरोबर भोपळाही उचलला गेला. बायको फोटो काढत होती. शेवटी सुरीच्या पाठीवर वरवंट्याचे चार ठोके पडले, तेव्हा कर्रकन आवाज होऊन त्याची दोन शकलं झाली. आत केशरी गर, ओलसर तंतूंचं जाळं, त्यात अडकलेल्या बिया. बिया धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घातल्या गेल्या. त्या सोलायला मला बसवायचं, हेही तिथेच ठरलं.

आता कापलेला भोपळा काही टिकत नाही. सोमवारी मेथीदाण्यांच्या फोडणीची भाजी, मंगळवारी दह्यातलं भरीत, बुधवारी सांबारात फोडी. गुरुवारी मी शास्त्राचा आधार घेतला.

"आई, ह्यातल्या बीटा कॅरोटिनचं शरीरात जीवनसत्त्व अ होतं. पण ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणजे घारगेच करायला हवेत. तुपात तळून."

"फोडणीत तेल असतं ना," सासूबाई म्हणाल्या. "आणि पित्ताला तळलेलं?"

शुक्रवारी उरलेल्या तीन किलोंच्या फोडी करून मी सोसायटीत वाटायला निघालो. लोक दार उघडायचे, फोड बघायचे आणि फार प्रेमानं म्हणायचे, "अहो, कशाला उगाच!" ह्या वाक्यातला प्रामाणिकपणा मला त्या दिवशी प्रथमच जाणवला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र हसून डबा घेतला. मी जिना उतरतोय तोच त्यांनी हाक मारली. रिकामा डबा परत द्यायचा नसतो.

डब्यात माझ्या फोडीहून मोठी फोड होती.

"आमच्याही गावाहून आलाय," काकू म्हणाल्या.

सासूबाईंनी ती उलटसुलट करून, वास घेऊन पाहिली. "हे छान पिकलंय. उद्या हेच आधी संपवू."